हौदातले पाच कोई

आमचे हे बोलायला लागले की समोरचा माणूस घड्याळाकडे बघायला लागायचा. सरकारी कचेरीच्या खिडकीमागे पस्तीस वर्षं बसून जिभेला धार लावलेली. एकदा एक पाहुणे 'निघतो, निघतो' म्हणत जेवणाची वेळ होईपर्यंत बसून राहिले, तेव्हा यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "निघण्याचा सराव चालू आहे का आपला?" ते पाहुणे पुन्हा आले नाहीत. माझ्या माहेरच्यांशी तर यांच्या बोलण्यावरून दोनदा अबोला झाला. मी आयुष्यभर त्या जिभेवर चिडत आले.

दोन वर्षांपूर्वी थंडीत एका सकाळी दाढी करताना यांच्या हातातून ब्रश पडला. मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "अहो, काय पाडलंत आता?" आणि उत्तर आलं नाही. यांच्याकडून उत्तर आलं नाही म्हणजे काहीतरी भयंकर झालंय, एवढं मला तिथेच कळलं. अर्धांगाचा झटका होता. पाय व्यायामाने थोडा सुधारला, काठी घेऊन चालण्याइतका. उजवा हात तसाच राहिला. आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, यांना समजतं सगळं, पण शब्द डोक्यातून तोंडापर्यंत पोचत नाही. तेव्हापासून त्याच जिभेसाठी मी देव पाण्यात घालून बसले.

आम्ही राहतो वारज्याला, छोट्या रो हाऊसमध्ये. आठवड्यातून दोनदा रिक्षाने सदाशिव पेठेत जायचं. तिथे एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर वाचा परत आणणाऱ्या बाईंचं क्लिनिक. बाई कसली, आमच्या मुलीहून लहान. पण शहाणी. ती यांना 'आ' म्हणा, 'बा' म्हणा असं सांगायची आणि हे तिच्याकडे असे बघायचे की शब्द असते तर त्या पोरीचं काही खरं नव्हतं. वर्ष उलटलं तरी पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "काकू, घरात सगळं तुम्हीच ठरवता ना? काय खायचं, कुठला शर्ट घालायचा? काकांना काहीतरी निवडायला द्या. त्यांना हवंसं वाटलं, तरच शब्द येईल."

खरंच होतं ते. मीच ठरवत होते सगळं. शाळेत तीस वर्षं आठवी-नववीला विज्ञान शिकवलं, तेव्हा दुसऱ्याचं ठरवून टाकायची सवय हाडीमासी खिळलेली.

तिच्या क्लिनिकच्या दारात काचेच्या पेटीत चार मासे होते. येताना-जाताना हे तिथे थांबायचे. मी "चला, रिक्षा उभी आहे" म्हणायचे आणि हे हलायचे नाहीत. तिथून माझ्या डोक्यात आलं. आमच्या मागच्या अंगणात सिमेंटचा एक हौद होता, पाण्याची बोंब होती त्या काळात बांधलेला, जमिनीत कमरेइतका खोल. नळाला पाणी बरं यायला लागल्यापासून त्यात कुंड्या आणि तुटक्या खुर्च्या. मुलगी बंगळूरला असते, ती फोनवर म्हणाली, "आई, घरात छोटी पेटी ठेव ना सरळ. कशाला लष्कराच्या भाकऱ्या?" पण पेटीसमोर हे किती वेळ बसणार? मला त्यांना बाहेर काढायचं होतं. पलंगावर पडून ते भिंतीकडे तोंड करायचे, ती पाठ मला बघवत नव्हती.

हौद घासला, भरला, उपसला, पुन्हा भरला. सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो, त्यामुळे तीन-चारदा तरी असं करावं लागतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन, ते मारायला हायपोचे खडे. पाणी फिरवायला पंप, गाळायला फिल्टर, हवेचे बुडबुडे सोडायला आणखी एक पंप. आणि पाण्यातला अमोनिया तपासायला थेंबांची बाटली. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे. पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर मासे धोक्यात. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, आणि सिमेंटच्या हौदातलं पाणी अल्कधर्मी असतं, त्यात तो जास्तच विषारी. हे सगळं मला वाचताना किती सोपं वाटलं. निवृत्तीनंतर पहिल्यांदा शिकवलेलं कुठेतरी उपयोगी पडत होतं, आणि खोटं कशाला बोलू, मी जरा फुशारले होते.

मासे आणायला यांना घेऊन गेले. हमरस्त्याच्या पलीकडे एकाने शेडमध्ये टाक्या मांडल्या होत्या. तो माणूस सज्जन होता. त्याने सांगितलं, कोई, म्हणजे हा जपानी रंगीत मासा, काचेतून बघायचा नसतो, वरून बघायचा. त्याची सगळी शोभा पाठीवर. मग त्याने जाळीने बोटभर लांबीचे वीसेक मासे काढून पाण्याने भरलेल्या निळ्या घमेल्यात सोडले आणि आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. पांढऱ्यावर लाल, पांढऱ्यावर लाल-काळे, नुसते सोनेरी. माणूस म्हणाला, "रंगावर जाऊ नका, मॅडम. रंग मोठेपणी बदलतात. चाल बघा. जो तळाशी एकटा बसतो, तो घ्यायचा नाही."

मी पटकन एक लाल-पांढरा दाखवला. यांनी डाव्या हाताने माझा हात बाजूला केला. नुसता बाजूला नाही, फटकारला म्हणा ना. मग त्यांनी पाऊण तास घेतला. घमेल्याच्या कडेला स्टुलावर बसून एकेक मासा बघायचे, बोट दाखवायचे, माणसाने तो वेगळ्या बादलीत टाकला की पुन्हा विचार बदलायचे, तो परत टाकायला लावायचे. त्या माणसाच्या कपाळावर आठ्या यायला लागल्या. मी ओशाळून "सॉरी हं" म्हणत होते आणि आतून मला इतका आनंद झाला होता की सांगता येत नाही. हा छळवाद मला ओळखीचा होता. हेच ते, साडीच्या दुकानात माझ्याआधी कंटाळणारे आणि आंब्याच्या पेटीतला एकेक आंबा हुंगणारे. पाच मासे निवडले. त्यात एक राखाडी, अगदीच सामान्य, शेडवाला स्वतः म्हणाला की काका, हा नका घेऊ, याला रंगच नाही. यांनी त्याच्यावरचं बोट काढलं नाही.

पहिले पंधरा दिवस मासे हौदाच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून. हे रोज सकाळी मागच्या दारात खुर्ची टाकून बसायचे, डाव्या हाताने खाद्याचे दाणे टाकायचे. मासे वर यायचे नाहीत. खंड्या पक्ष्याची भीती म्हणून मी हौदावर जाळी ताणली होती, तिची एक कड यांच्यासाठी उघडी ठेवायची. मग एके दिवशी तो राखाडी वर आला, तोंड उघडून दाणा घेतला आणि गेला. मी आत पोहे परतत होते. बाहेरून आवाज आला.

"ये."

मी गॅस बंद केला की नाही मला आठवत नाही. बाहेर आले तर हे हौदाकडे वाकून पुन्हा, "ये. ये." मी दाराच्या चौकटीला धरून रडले. त्यांना दिसू नये म्हणून आत जाऊन रडायला हवं होतं, पण तेवढं सुचलं नाही.

सदाशिव पेठेतल्या मुलीने तो आवाज फोनवर ऐकला आणि टाळी वाजवली. त्यानंतर शब्द येत गेले, पण कसे, पाहुण्यांसारखे, एक आला की दुसरा गेलेला. 'पाच' आला. 'खा' आला. 'बघ' आला. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवत होते. श्रावण संपला तेव्हा अकरा शब्द झाले होते. त्यातला एक 'मूर्ख', तो मला उद्देशून होता, मी जाळीची कड बांधायला विसरले म्हणून. मी तो लाल पेनाने लिहिला. मुलीला फोन करून सांगितलं, "तुझ्या बाबांनी आज मला मूर्ख म्हटलं," आणि दोघी किती वेळ हसलो. मुलगी म्हणाली, "दिवाळीत मी येईन तेव्हा माझ्याशी भांडतील बघ." आम्हाला दोघींनाही ते खरं वाटलं होतं.

मग गणपती आले. आमचा दीड दिवसाचा. दरवर्षी नारायण पेठेतल्या ठरलेल्या कारागिराकडून शाडूची मूर्ती आणायचो, यंदा यांना घेऊन तिथल्या गर्दीत शिरणं जमलं नाही म्हणून कोपऱ्यावरच्या स्टॉलवरून घेतली. तो म्हणाला शाडूचीच आहे. दुसऱ्या दिवशी आरती करून मागच्या अंगणात टबात विसर्जन केलं. शाडूची मूर्ती संध्याकाळपर्यंत विरघळते. ही दुसऱ्या दिवशीही टबात जशीच्या तशी बसलेली, सोंडेचा रंगही गेला नव्हता. प्लॅस्टरची होती. त्यासाठी अमोनियम बायकार्बोनेटची पावडर मिळते, ती मी आणली, टबात टाकली, तीन दिवस काठीने ढवळत राहिले. अंगणभर तो नाकात जाणारा वास. मूर्ती विरघळली. खाली खडूसारखा पांढरा गाळ बसला आणि वर स्वच्छ पाणी.

आता ते पाणी टाकायचं कुठे? मोरीत? मोरी गटाराला जाते. बाप्पाचं पाणी गटारात कोण ओतणार? आमच्याकडे निर्माल्यावर पाय पडू देत नाहीत, विसर्जनाचं पाणी झाडाला घालतात, सगळ्यांकडे तसंच घालतात. शिवाय मी विज्ञानाची बाई. त्या पाण्यात आता अमोनियम सल्फेट आहे, म्हणजे उत्तम खत आहे, हे मला फळ्यावर लिहून दाखवता आलं असतं. धर्म आणि रसायनशास्त्र एकाच टबात जुळून आल्याचं मला त्या सकाळी फार कौतुक वाटलं. हौदाच्या कडेला जास्वंदीचा वाफा आहे, आमच्या अंगणात माती काय ती तेवढीच. देवाचं फूल, देवाचं पाणी. मी टब वाफ्यात तिरका केला आणि संथपणे सगळं ओतलं. मग पाठ फिरवून नळाखाली टब घासायला बसले.

माती आधीच ओली होती. पाणी मुरलं नाही. ते विटांच्या कडेवरून वाहिलं आणि हौदात गेलं. मला ते दिसलं नाही. यांना दिसलं.

ते त्यांच्या खुर्चीत होते. त्यांनी काठी फरशीवर आपटायला सुरुवात केली. काठी आपटणं म्हणजे बाथरूमला जायचंय, असं आमच्यात ठरलेलं. मी म्हटलं, "आले, आले, हात धुते." त्यांनी आणखी जोरात आपटली. तोंडातून नुसते आवाज, एकही शब्द नाही. घाई केली की शब्द पळतात, हे क्लिनिकमधल्या मुलीने आम्हाला आधीच सांगितलं होतं. मी टब उपडा ठेवला, ओले हात पदराला पुसले आणि यांना उठवलं. ते उठेनात. मी ओढलं. ते दाराला धरून राहिले, मान मागे वळवून. मी चिडले. "अहो, पुरे झालं आता, सकाळपासून पाठ मोडली माझी. जायचंय तर चला सरळ." आत नेलं तर ते बाथरूममध्ये नुसते उभे राहिले आणि ढसाढसा रडायला लागले. झटका आलेल्या माणसाला कारण नसताना रडू येतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी त्यांचे डोळे पुसले, गोळी दिली, अंगावर चादर घातली आणि बाहेरून दार लोटून घेतलं. म्हटलं, झोपू दे जरा.

चार वाजता चहा घेऊन मागे गेले तर पाचही मासे पाण्याच्या वर तोंड काढून पंपाच्या बुडबुड्यांपाशी गोळा झालेले. कल्ले भराभर उघडत होते. मी नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. पाणी हिरवं झालं, मग काळपट हिरवं, तक्त्यावर नसलेला रंग. नळी हातात धरून मी वाफ्याकडे बघितलं. विटांच्या कडेवर पांढरी रेघ वाळली होती, वाफ्यापासून हौदापर्यंत.

मग जे करायचं ते केलं. बादल्यांनी पाणी उपसलं, नळ सोडला, हायपोचे खडे मुठीने टाकले. शेजारून दोन माणसं आली. काहीही उपयोग नव्हता, हे मला इतरांपेक्षा जास्त कळत होतं. अंधार पडायच्या आत चार मासे उलटे झाले. राखाडी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत राहिला.

हे दारात बसून सगळं बघत होते. मी राखाडीला जाळीने काढला तेव्हा त्यांनी डावा हात उचलला. बोट जास्वंदीकडे केलं. मग सावकाश, वाफ्यापासून विटांवरून हौदापर्यंत, हवेत रेघ काढली. मग बोट माझ्याकडे केलं. इतकं स्पष्ट ते दोन वर्षांत मला काही बोलले नव्हते.

मी म्हटलं, "कळलं हो. कळलं मला."

मासे गेल्याचं मुलीला दुपारीच कळवलं होतं. संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. मी यांच्या शेजारीच बसले होते. तिने विचारलं, "कसे गेले गं सगळे?" आणि माझ्या तोंडून निघालं, "लाइट गेली होती, पंप बंद पडला." विचार न करता निघालं. वर्गात मुलं असं खोटं बोलायची तेव्हा मी त्यांना बाकावर उभं करत असे. यांनी हात वर केला, तोंडातून आवाज करायला लागले, बोट मागच्या दाराकडे. मुलगी म्हणाली, "बाबा काय सांगतायत?" मी फोन माझ्याकडे फिरवला. "काही नाही गं, मासे गेले ना, म्हणून."

आणि त्या क्षणी मला बरं वाटलं, की यांना बोलता येत नाही. ज्याच्यासाठी मी दोन वर्षं जीव टाकला, ते नाही म्हणून मला बरं वाटलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मला स्वतःची किळस आली, पण बरं वाटलं ते वाटलंच.

पुढच्या मंगळवारी क्लिनिकला गेलो. त्या मुलीलाही मी पंपाचंच सांगितलं. खोटं एकदा बोललं की दुसऱ्यांदा सोपं जातं. तिला फार वाईट वाटलं. ती म्हणाली, "काका, तुम्हाला सांगायचंय ना काय झालं ते? शब्द नको, चित्रं घेऊ." तिने नवीन आणलेली चित्रांची कार्डं टेबलावर मांडली. घर, झाड, मासा, बादली, चप्पल, पंखा, अशी वीसेक. हे वाकले. शेडमध्ये घमेल्यावर वाकले होते तसे नाही, घाईने. आधी मासा उचलला. मग झाड. मग बादली. तिन्ही ओळीने मांडली, आणि बादलीवर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं.

त्या पोरीने तिन्ही कार्डांकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं. "बादली? काका, बादलीतून मासे आणले होते का? का पाणी हवंय तुम्हाला?" मग माझ्याकडे वळली. "काकू, काय म्हणत असतील?"

एवढंच बोलायचं होतं. मी सांगितलं असतं तर तिने टाळी वाजवली असती, कारण यांनी तीन चित्रांत अख्खी गोष्ट सांगितली होती. आमच्या मुलीला बंगळूरला फोन करून सांगण्याजोगी बातमी होती ती. हे माझ्या तोंडाकडे बघत होते, आपला शब्द आता माझ्याकडे आहे हे त्यांना कळत होतं.

मी म्हटलं, "तहान लागली असेल. उन्हातून आलोय."

त्या पोरीने पेला भरून आणला. यांनी तो डाव्या हाताने घेतला आणि सगळं पाणी मुकाट्याने प्यायले. मग पेला खाली ठेवला.

त्यानंतर त्यांनी एकही कार्ड उचललेलं नाही. घरी 'ये' नाही, 'बघ' नाही, मला 'मूर्ख' नाही. मुलगी दिवाळीत आली, पाच नवे मासे आणूया म्हणाली, त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. क्लिनिकच्या फाइलमध्ये त्या पोरीने 'रुग्णाचं सहकार्य नाही' असं लिहिलंय. मी ते वाचलं, फाइल मिटली आणि पुढच्या मंगळवारची वेळ घेतली.